कृष्णविवराच्या पोटात किती जातं, हे संगणक कसं ठरवतो?

गावोगावच्या ग्रुपवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय: आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर सगळं ओढून घेतंय, एक दिवस पृथ्वीही जाणार. आमच्या शाळेतल्या नववीच्या पोरानं विचारलंच, "सर, मंग ते आपल्याले कधी गिळन?" नाही गिळणार. ते आपल्यापासून सुमारे 26 हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि सध्या जवळपास उपाशीच आहे. त्याच्या नावानं कोणी शांती करायला सांगितली, तर पैसे खिशातच ठेवा.

खरा प्रश्न वेगळाच आहे: ही विवरं एवढी वाढली कशी? 'ईगल', 'इलस्ट्रिस-टीएनजी' अशा प्रकल्पांत अख्ख्या दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह, संगणकात घडवतात. पण आपल्या विवराची त्रिज्या जेमतेम सव्वा कोटी किलोमीटर आणि संगणकाला काहीशे प्रकाशवर्षांपेक्षा बारीक सहसा दिसत नाही. म्हणजे महसूल मंडळातल्या एका पर्जन्यमापकावरून प्रत्येक शेतातला पाऊस ठरवावा, तसंच हे. आजूबाजूच्या वायूची सरासरी घ्यायची आणि गणितज्ञ हर्मन बाँडी यांच्या 1952च्या सूत्रात घालायची; विवरात वायूची आवक किती वेगानं होते, हे ते सूत्र सांगतं.

हे सूत्र मला फार आवडतं. वायू दाट, तर आवक जास्त. इथवर सरळ आहे. पण आवक विवराच्या वस्तुमानाच्या वर्गावर चालते: वस्तुमान दुप्पट, आवक चौपट. उलट वायूतल्या ध्वनीच्या वेगाचा घन छेदात बसतो. स्थिर वायूचं तापमान चौपट झालं की ध्वनीचा वेग दुप्पट होतो आणि आवक आठव्या हिश्श्यावर येते. विवराकडे पडणारा वायू तापून ऊर्जा बाहेर फेकतो, भोवतालचा वायू तापवतो आणि विवराचा घास तोडतो. मोठ्या दीर्घिकांत नवे तारे जन्मायचे थांबतात, तेही बहुधा यामुळेच.

आता वर्गाची गंमत बघा. सुरुवातीचं विवर दहापट लहान घेतलं, तर दुप्पट व्हायला त्याला दहापट वेळ लागतो. आणि ही सुरुवात शास्त्रज्ञ हातानं पेरतात! 'ईगल'मध्ये सुमारे दीड लाख सूर्यांच्या वस्तुमानाएवढी, 'टीएनजी'मध्ये जवळपास बारा लाख. छान रंगीत चित्रफीत पाहून "विश्व असंच घडलं" म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

'सिम्बा' या तशाच प्रकल्पानं मात्र थंड वायूसाठी वेगळं सूत्र घेतलं. दीर्घिकेच्या चकतीतला वायू गुरुत्वाच्या ओढाताणीत फिरण्याचा जोर गमावून आत घसरतो, असं ते मोजतं. त्यात विवराचं वस्तुमान दुप्पट झालं, तरी आवक फक्त 12 टक्क्यांनी वाढते. पेरलेलं विवर लहान की मोठं, याचा फरक तिथे फारसा उरत नाही.