उलाढाल वाढली, मग नफा कुठे गेला? पुरवठादार उद्योगांसाठी माहितीपत्रक

मोठ्या विदेशी कंपन्यांना सुटे भाग, तयार कपडे, पादत्राणे किंवा विद्युत उपकरणे बनवून देणारे आमचे बहुतेक ग्राहक एकच प्रश्न घेऊन येतात: ऑर्डरी वाढल्या, उलाढाल वाढली, तरी वर्षअखेरीस हाती काही का उरत नाही? याचे उत्तर आम्ही खरेदीदारनिहाय नफा-अहवालातून देतो. तो अहवाल वेळेत आणि बिनचूक हाती पडावा, यासाठी हे पत्रक आहे.

जागतिक उत्पादन साखळीत पुरवठादाराच्या बिलावरचा आकडा आणि त्याची खरी कमाई यांत फार मोठे अंतर असू शकते. ॲपलच्या आयपॉड या गाणी ऐकण्याच्या उपकरणाच्या २००५ सालच्या ३० जीबी मॉडेलचा अमेरिकी संशोधकांनी मांडलेला हिशेब या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. त्याची किरकोळ किंमत २९९ डॉलर होती आणि कारखान्यातून बाहेर पडेपर्यंतचा खर्च सुमारे १४४ डॉलर. पण चीनमधील जोडणी आणि चाचणीच्या वाट्याला त्यातले जेमतेम ४ डॉलर आले. बाकीची रक्कम इतरांनी बनवलेल्या भागांची होती. निर्यातीच्या नोंदीत मात्र पूर्ण वस्तूची किंमत धरली जाते.

म्हणून आम्ही आधी विक्रीतून बाहेरून आणलेला माल आणि सेवा वजा करतो. समजा, पूर्वी १०० ची विक्री होती आणि बाहेरचा माल ६० चा, म्हणजे तुमचे मूल्यवर्धन ४०. पुढे विक्री १५० झाली, पण खरेदीदाराने स्वतः नेमलेल्या पुरवठादाराकडून महागडे भाग घेण्याची अट घातल्यामुळे बाहेरचा माल ११८ चा झाला, तर मूल्यवर्धन ३२ वर येते. त्यातच पैसे ३० ऐवजी ९० दिवसांनी मिळू लागले, तर दीडपट विक्री आणि तिप्पट मुदत मिळून येणे रक्कम साडेचारपट होते, आणि तिचे व्याज तुम्ही भरता.

आता त्या चुकीबद्दल, जिच्यामुळे आमचा सर्वाधिक वेळ जातो. विमानभाडे, नमुने, फेरकाम, साचे, तपासणी शुल्क आणि खरेदीदाराने डेबिट नोट पाठवून केलेली कपात हे खर्च ज्या ऑर्डरीमुळे झाले, तिच्या नावावर न टाकता ‘वाहतूक’ किंवा ‘इतर खर्च’ अशा सामाईक खात्यात टाकले जातात. एफओबी अटीवर, म्हणजे माल बंदरात जहाजावर चढवेपर्यंतची जबाबदारी पुरवठादाराची असते तेव्हा, समुद्रमार्गाचे भाडे खरेदीदाराकडे असते. पण माल उशिरा तयार झाला की तो विमानाने पाठवण्याचा भार बहुधा पुरवठादारावर टाकला जातो. अशी एक खेप संपूर्ण ऑर्डरीचा नफा खाऊन टाकू शकते. सामाईक खात्यात तो खर्च सगळ्या खरेदीदारांवर पसरतो, वेळेवर काम देणारा खरेदीदार विनाकारण महाग दिसतो आणि खरा महागडा खरेदीदार मोठा आणि चांगला वाटत राहतो. त्याहून वाईट म्हणजे उशीर कोणामुळे झाला हेही कळत नाही. नमुन्याला मंजुरी उशिरा मिळाली किंवा नेमून दिलेले कापडच उशिरा आले, तर त्या तारखांच्या आधारे भाड्याचा वाटा मागता येतो. तारखाच नसतील, तर मागणार कशाच्या जोरावर?

केवळ ताळेबंद पाहून अहवाल द्यावा, असा आग्रह काही जण धरतात. तो आम्ही नाकारतो. ताळेबंद साऱ्या उद्योगाची स्थिती सांगतो. कोणती ऑर्डर स्वीकारावी आणि कोणती सोडावी, हे त्यातून ठरत नाही. विस्कळीत खर्च ऑर्डरनिहाय लावून देण्याचे शुल्क आम्ही वेगळे घेतो, कारण त्यासाठी एकेक बिल आणि पत्रव्यवहार तपासावा लागतो. नोंदी आधीपासून वेगळ्या असलेल्यांना हे शुल्क द्यावे लागत नाही.

पुरवठादाराच्या नशिबी कमी नफाच असतो, हेही आम्हाला मान्य नाही. इतर कंपन्यांसाठी चिप बनवून देणारी तैवानची टीएसएमसी स्वतःच्या नावाने चिप विकत नाही, तरी अलीकडच्या वर्षांत तिचा ढोबळ नफा विक्रीच्या ५० टक्क्यांहून अधिक राहिला आहे, कारण तिच्या कौशल्याला सहज पर्याय मिळत नाही. उलट बाजूही पाहावी. ग्राफिक्स चिपचे तंत्रज्ञान पुरवणाऱ्या ब्रिटनच्या इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीजचे सुमारे निम्मे उत्पन्न ॲपलकडून येत असे. तिचे तंत्रज्ञान वापरणे पुढे थांबवणार असल्याचे ॲपलने कळवल्याची बातमी एप्रिल २०१७ मध्ये आली, आणि एका दिवसात तिच्या समभागांचा भाव ६० टक्क्यांहून अधिक कोसळला. म्हणूनच आमच्या अहवालात प्रत्येक खरेदीदाराचा विक्रीतील आणि मूल्यवर्धनातील वाटा शेजारी-शेजारी दिलेला असतो.

कागदपत्रे पाठवताना प्रत्येक बिलावर ऑर्डर क्रमांक लिहावा, डेबिट नोटा मूळ कारणासह जोडाव्यात आणि नमुना-मंजुरी, कच्चा माल पोहोचणे, माल रवाना होणे व रक्कम जमा होणे या चार तारखा प्रत्येक ऑर्डरीसमोर द्याव्यात. नोंदवहीचा कोरा तक्ता आमच्याकडे विनामूल्य मिळतो. नव्या दराची बोलणी किंवा वार्षिक दरकपातीची मागणी समोर असेल, तर सही करण्यापूर्वी त्या एकाच खरेदीदाराचा स्वतंत्र अहवाल आम्ही प्राधान्याने करून देतो.