शुद्धलेखन आणि लेखन: एकाच वहीतले दोन अभ्यास

‘आम्ही मुलांकडून रोज लेखन करून घेतो’ असे मराठी शाळेतले शिक्षक सांगतात, तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्या डोळ्यांसमोर शुद्धलेखनाची वही असते: पाठ्यपुस्तकातून वळणदार अक्षरांत उतरवलेल्या दहा ओळी आणि त्यांखाली बाईंची सही. हे काम उपयोगाचे आहे, पण त्यालाच लेखन समजणे ही मोठी गफलत आहे. साऱ्या शाळेचे वाचन-लेखन सुधारायचे असेल, तर ती आधी दूर करावी लागते.

शुद्धलेखनात मजकूर दुसऱ्याचा असतो. पाहून लिहिले की ते अनुलेखन, ऐकून लिहिले की श्रुतलेखन; दोन्हींत काय सांगायचे हे मुलाला ठरवावे लागत नाही. लेखनात मात्र सांगण्याची गोष्ट मुलाची स्वतःची असते. कोठून सुरुवात करायची, कोणता शब्द घ्यायचा आणि काय वगळायचे, हे सारे त्यानेच ठरवायचे असते. या कसोटीवर फळ्यावरून उतरवून घेतलेली प्रश्नोत्तरे लेखनात बसत नाहीत. ‘माझा आवडता ऋतू’ हा पाठ करून लिहिलेला निबंधही बसत नाही. ते स्मरणातून केलेले श्रुतलेखनच असते. वर्गातल्या चाळीस मुलांना एकच ऋतू एकाच कारणासाठी आवडत असेल, तर तेथे लेखन झालेले नाही, असे खुशाल समजावे.

म्हणून शुद्धलेखन बंद करावे, असे मी म्हणणार नाही. ‘आचार्य’मधला ‘र्य’ आणि ‘सुऱ्या’मधला ‘ऱ्या’ काढताना ज्या मुलाला थांबून आठवावे लागते, त्याच्या मनात जुळलेले वाक्य तोवर निसटून जाते. हात सरावला की लक्ष आशयाकडे वळते. त्यासाठी पहिली-दुसरीत रोजचा थोडा सराव हवाच.

खरी अडचण वही तपासताना येते. तिसरीतल्या मुलाने लिहिले आहे, असे समजू: ‘आजीनं मला दूधात भाकर कुस्करून दिली पण मांजरीला पण पायजे होती.’ तांबडी शाई लगेच ‘दूधात’वर आणि ‘पायजे’वर गोल काढते. वास्तविक ‘दूधात’ ही चूक विचारातून आलेली आहे. मुलाला ‘दूध’ हा शब्द ठाऊक आहे आणि त्याने त्याला प्रत्यय लावला आहे. ‘दूध’चे ‘दुधात’ आणि ‘मीठ’चे ‘मिठात’ होते, पण ‘गीत’ हा तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द असल्यामुळे ‘गीतात’ तसाच राहतो, हे कानाने कळत नाही, कारण आपल्या नेहमीच्या बोलण्यात इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घ फारसे वेगळे ऐकूच येत नाही. म्हणून अशा शब्दांचे नुसते श्रुतलेखन घेत राहण्यापेक्षा दूध-दुधात, फूल-फुलात, मीठ-मिठात अशा जोड्या फळ्यावर मांडून नियम मुलांनाच शोधू द्यावा. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे चौदा नियम केले आणि १९७२ साली त्यांत चारांची भर घातली. एकूण नियम अठराच; पण ते सगळे एका वाक्यावर एकाच दिवशी लादले, तर मूल पुढच्या खेपेला ‘दूध’ टाळून ‘पाणी’ लिहील.

‘पायजे’ तर घरची बोली आहे. पहिल्या खर्ड्यात ती राहू द्यावी आणि मुलाला आधी विचारावे, ‘मग मांजरीने काय केले?’ हा प्रश्न लेखनाचा आहे. ‘दुधात’ची दुरुस्ती शुद्धलेखनाची आहे. दोन्ही कराव्यात, पण एका दमात नव्हे.

हे एका वर्गापुरते राहिले तर टिकत नाही. दुसरीच्या बाई आशय वाचतात आणि तिसरीचे गुरुजी प्रत्येक वेलांटी मोजतात, असे झाले की मूल वर्षभरात लिहायचे आवरते घेते. म्हणून शाळेने दोन वह्या ठेवाव्यात. शुद्धलेखनाच्या वहीत त्या आठवड्यात शिकवलेला एकच नियम तपासावा. स्वतःच्या लेखनाच्या वहीत आधी आशयाबद्दल एक प्रश्न लिहावा आणि मुलाने दुसरा खर्डा केल्यावरच शब्द दुरुस्त करावेत. परिसर अभ्यास आणि विज्ञान शिकवणाऱ्यांनीही यात उतरावे: मटकीला मोड कसे आले, हे पाहून मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या चार ओळी म्हणजे लेखनच. महिन्यातून एकदा सर्व शिक्षकांनी एकाच मुलाचे एकच पान पेन्सिलीने वेगवेगळे तपासून शेजारी-शेजारी ठेवावे, आणि कोणाचे गोल कोठे पडले यावर बोलावे.