सागवानी तुळई उभी चिरायची म्हणजे…

साताऱ्यात, वाईत, सांगलीत जुने वाडे उतरायला लागले की त्यातलं सागवान वखारीत येतं, आणि मग प्रश्न एकच, दहा-बारा फुटी तुळईच्या पातळ फळ्या काढायच्या कशा. आज कुणीही सांगेल की बँडसॉवर, म्हणजे दोन चाकांवरून फिरणाऱ्या दातेरी पोलादी पट्टीच्या करवतीवर टाक, पण ही मशीन इथवर यायला बराच काळ गेलाय.

आधी सगळं हातानेच होतं. ओंडका घोडीवर नाहीतर खड्ड्यावर टाकायचा, गेरूत भिजवलेली दोरी ताणून फटका मारायचा की लाल रेघ उठली, मग एक माणूस वर आणि एक खाली, मोठ्या करवतीनं दिवसभर. वरचा रेघ सांभाळणार, खालचा ओढणार आणि भुसा खाणार. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यासारख्या ठिकाणी जे लाकूडकाम दिसतं ते मशीनच्या आधीच्या काळातलं आहे हे लक्षात ठेवून बघा, वेगळंच वाटतं.

मग गोल करवत आली, इंग्लंडात सॅम्युएल मिलरचं पेटंट १७७७ चं. भराभर कापते, पण पातं रुंद लाकडाला पुरत नाही, कारण गोल पात्याचा निम्म्याहून कमीच भाग लाकडात शिरतो, आणि मोठं पातं घ्यावं तर ते जाड लागतं. सगळी मेख इथेच आहे. फूटभर रुंद, दहा फूट लांब तुळईत पाव इंची चीर पडली की साधारण पाव घनफुटाच्या जवळपास सागवानाचा भुसा झाला, तोही एकाच चिरेत! बँडसॉचं पातं दोन मिलिमीटरच्या आसपास खातं, म्हणजे नुकसान तिसऱ्या हिश्श्यावर येतं. चार फळ्या काढायच्या तर तीन चिरा, हिशोब तुम्हीच करा.

गंमत म्हणजे बँडसॉची कल्पना १८०८ चीच, लंडनच्या विल्यम न्यूबेरीचं पेटंट. पण मशीन चालेना, कारण पट्टीची दोन टोकं जोडून जो गोल करायचा तो जोडच टिकायचा नाही, चाकांवरून सारखं वाकून वाकून तिथेच तुटायचं. १८४६ ला फ्रान्समधल्या ॲन पॉलिन क्रेपँ या बाईंनी जोड पक्का करायची पद्धत पेटंट केली, पॅरिसच्या पेरँ कंपनीनं तिचे हक्क घेतले, वर चांगलं पोलाद मिळालं, आणि मग गाडी रुळावर आली. म्हणजे मशीन अडली होती ती बोटभर जोडापायी. आजही ब्लेड तुटलं की बघा, बहुतेक वेळा जोडाशीच तुटलेलं असतं.

आपल्याकडे वीज गावोगाव पोचायच्या आधी ऑइल इंजिनवर पट्टा चढवून अशा मशीन फिरवायचे, कोयनेची वीज १९६२ ला सुरू झाली आणि पुढे मोटारी आल्या. मग कायद्याचा दणका बसला, जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टानं ४ मार्च १९९७ ला महाराष्ट्रातल्या विनापरवाना सॉ मिल तात्काळ बंद करायला सांगितल्या. तेव्हापासून मनात आलं म्हणून नवी मिल टाकता येत नाही.

जुन्या तुळईत अजून एक भानगड असते, खिळा. वरून काहीच दिसत नाही, आत गंजलेला तुकडा असतो, त्याला ब्लेड लागलं की एका फटक्यात दात गेले, म्हणून कटाईला लावायच्या आधी चुंबक किंवा मेटल डिटेक्टर फिरवून घेतात, काही वखारवाले तर जुनं लाकूड घेतच नाहीत, आणि मला तरी त्यात त्यांचं काही चुकतंय असं वाटत नाही. शिवाय सागवानात सिलिका, म्हणजे वाळूत असतो तोच कठीण पदार्थ, असतेच, धार तशीही लवकर जाते, आणि बोथट ब्लेड सरळ न जाता एका बाजूला ओढतं. लांब फळीत तर ते लगेच दिसतं, सुरुवातीला पाऊण इंच आणि शेवटाला अर्धा. म्हणून पलीकडून फळी धरायला दुसरा माणूस लागतोच, खड्ड्यातला गेला तरी हा काही गेला नाही.