बडग्याच्या पोटातला कागद

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्यामागून बडगे, म्हणजे टवाळीचे मोठे पुतळे, मिरवत निघतात, तेव्हा इतवारीतली गर्दी त्यांच्या गळ्यातली पाटी वाचून हसते. पोटात काय आहे ते कोणी बघत नाही. आत बांबूच्या कामट्यांचा सांगाडा असतो आणि त्यावर रद्दी डकवलेली असते, मैद्याच्या खळीने. खळ आंबू नये, किडू नये म्हणून त्यात मोरचूद टाकायची जुनी रीत. एक थर वाळल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही. पण श्रावण सरताना नागपुरात अंगावरचा शर्ट वाळत नाही, तिथे रद्दी कुठून वाळणार!

बडग्यात वजन बांबू पेलतो, कागद म्हणजे नुसती कातडी. कागदानेच भार घ्यायचा असेल तर त्याला आकार द्यावा लागतो. वहीचे पान उभे केले तर लवंडते. त्याचीच सुरळी करून दोरा बांधला की वर स्टीलची वाटी राहते.

ही गोष्ट पाश्चात्त्यांनाही उशिराच सुचली असे नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या चार्ल्स बीलेफेल्डने लगद्याचे मोठे तक्ते दाबून घरे उभी केली. अमेरिकेत रिचर्ड ॲलनने तर रेल्वेच्या चाकाचा गाभा दाबलेल्या कागदाचा केला आणि पुलमन कंपनीच्या डब्यांखाली ती चाके धावली. जंक्शनच्या गावात वाढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.

खरे वळण आले ते जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांच्यामुळे. १९८६ मध्ये टोकियोत फिनलंडचे वास्तुविशारद आल्व्हार आल्टो यांच्या कामाचे प्रदर्शन मांडताना लाकूड परवडेना, म्हणून त्यांनी पुठ्ठ्याच्या नळ्या वापरल्या. नागपुरात गांधीबागेत ठोक कापडाच्या दुकानामागे असल्याच नळ्यांचा ढीग पडलेला असतो: कागदाच्या पट्ट्या तिरप्या गुंडाळून, थरावर थर चिकटवलेल्या. उभ्या दाबाला त्या चिवट असतात. आडव्या वजनाखाली मात्र हळूहळू वाकतात, आणि पाणी मुरले की कागदाच्या तंतूंची पकड सुटते. म्हणून बाहेरून जलरोधक लेप द्यावा लागतो.

१९९५ च्या जपानमधल्या कोबे भूकंपानंतर बान यांनी नळ्यांच्या भिंतींची घरे बांधली. पायाला वाळूच्या पिशव्या भरलेले बिअरचे क्रेट. २००० च्या हॅनोव्हरच्या जागतिक प्रदर्शनातल्या जपानी दालनाला मात्र जर्मन अधिकाऱ्यांनी निव्वळ कागदावर सोडले नाही, लाकडी कमानींची जोड द्यायला लावली. सरकारी खाते कुठलेही असो!

२००१ मध्ये भूकंपानंतर भुजला तीच घरे आली, पण क्रेट कुठून आणायचे? पडक्या घरांचा राडारोडा पायात भरला, वर मातीची जमीन सारवली. भिंती कागदी नळ्यांच्या, आणि छप्पर चिरलेल्या बांबूच्या कमानींचे. साहित्य बडग्याचेच, फक्त इथे वजन कागदाने घेतले होते आणि बांबू वर पांघरूण झाला होता.