सोन्याच्या पट्टीवर तांब्याचं बटण

चांदीचे पैंजण काळे पडतात, सोन्याची साखळी मात्र आजीच्या गळ्यातून नातीच्या गळ्यात जाईपर्यंत तशीच राहते. चांदी काळवंडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे, त्यामुळे सोन्याचं आणि गंधकाचं जमत नाही अशी आपली समजूत होते. शाळेत 'राजधातू', म्हणजे सहसा कशाशीही अभिक्रिया न करणारे धातू, शिकलो तेव्हा माझीही तीच होती. प्रत्यक्षात सोनं गंधकाला घट्ट धरतं, पण फक्त वरच्या एका थरापुरतं. डोळ्यांना त्यातलं काहीच दिसत नाही.

गंधकाचं टोक असलेल्या सेंद्रिय रेणूंना थायोल म्हणतात. त्यांचा वास तुमच्या ओळखीचा आहे. गळती कळावी म्हणून स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मिसळतात ते इथाइल मर्कॅप्टन थायोलच. लांब शेपटीचा थायोल अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात सोन्याचा मुलामा दिलेली काच रात्रभर ठेवली, की प्रत्येक रेणू गंधकाच्या टोकाने सोन्याला चिकटतो आणि शेपट्या शेजारीशेजारी, जरा कलून, दाटीवाटीने उभ्या राहतात. एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे 460 लाख कोटी रेणू, आणि थराची जाडी जेमतेम दोन नॅनोमीटर. 1983 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये राल्फ नुझो आणि डेव्हिड अलारा यांनी असे थर दाखवले आणि या विषयाला तोंड फुटलं. एम.एस्सी.ला असताना मी पहिल्यांदा अशी काच चिमट्याने बाहेर काढली, धुतली आणि तिच्यावर पाण्याचा थेंब सोडला. आदल्या दिवशी त्याच सोन्यावर पसरलेलं पाणी आता अळवावरच्यासारखं गोळा होऊन बसलं होतं. नजरेला सोनं होतं तसंच दिसत होतं.

   

आता खरी अडचण. काचेवर केसापेक्षा बारीक अशा सोन्याच्या दोन पट्ट्या शेजारीशेजारी आहेत. एकीवर एक रेणू बसवायचा आहे, दुसरीवर दुसरा. द्रावणात बुडवलं तर दोन्ही सारख्याच भिजतात. इतक्या जवळच्या पट्ट्यांपैकी एकच भिजवणं सोपं नाही. पट्ट्यांना वेगवेगळ्या तारा मात्र जोडता येतात. स्टॅनफर्डमध्ये नील देवराज, क्रिस्टोफर चिडसी, जेम्स कोलमन आणि सहकाऱ्यांनी 2006 साली याच तारांचा उपयोग केला, आणि तो मला आजही विलक्षण वाटतो.

त्यांनी दोन्ही पट्ट्यांवर एकाच प्रकारचा थर चढवला. त्यातल्या काही रेणूंच्या वरच्या टोकाला अझाइड, म्हणजे नायट्रोजनच्या तीन अणूंची ओळ. अझाइडला अल्काइन, म्हणजे कार्बनच्या दोन अणूंत तिहेरी बंध असलेला रेणू, भेटलं की दोघांचं पाच अणूंचं पक्कं कडं बनतं. ही 'क्लिक' अभिक्रिया, जिच्याशी निगडित कामाला 2022 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. साध्या तापमानाला ती अतिशय सावकाश चालते. तांबं टाकलं की झपाट्याने होते, पण ते एक धनप्रभार असलेलं तांबं हवं. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी वापरतात त्या मोरचुदातल्या तांब्यावर दोन धनप्रभार असतात, आणि ते या कामाला निरुपयोगी. दोन प्रभारांच्या तांब्याला एक इलेक्ट्रॉन दिला की ते कामाचं होतं, तो काढून घेतला की पुन्हा निरुपयोगी.

इलेक्ट्रॉन देणं-घेणं हेच तर इलेक्ट्रोडचं, म्हणजे तार जोडलेल्या पट्टीचं काम. द्रावणात निष्क्रिय तांबं, त्याला धरून ठेवणारा एक सेंद्रिय रेणू आणि जोडायचं अल्काइन. पहिल्या पट्टीवर ऋण विभव (व्होल्टेज) दिला की तिच्याजवळ आलेलं तांबं इलेक्ट्रॉन घेऊन जागं होतं आणि तिथल्या अझाइडवर अल्काइन बसू लागतं. पण जागं झालेलं तांबं द्रावणातच आहे, ते इकडे-तिकडे भटकणार. शेजारची पट्टी काही मायक्रोमीटरवर, तिथे पोहोचायला असा कितीसा वेळ लागतो! ते तिथे गेलं तर सगळं मुसळ केरात. म्हणून दुसऱ्या पट्टीवर विभव असा ठेवायचा की ती आलेल्या तांब्याचा इलेक्ट्रॉन काढून घेईल. भटकत आलेलं तांबं तिथल्या अझाइडवर काम करण्याआधीच निष्क्रिय होतं. एक पट्टी उत्प्रेरक जागा करते, शेजारीण त्याला झोपवते, तेही एकाच भांड्यात. पहिल्या पट्टीवरचे अझाइड संपले की धुवायचं, दुसरं अल्काइन घालायचं आणि दुसरीवर ऋण विभव द्यायचा. पहिलीवर आता जागाच शिल्लक नसते, त्यामुळे नवा रेणू तिथे बसत नाही.

हे खरंच झालं का, हे तपासायला फेरोसीन हा लोखंडाचा अणू असलेला रेणू अल्काइनला जोडलेला असतो. विभव हळूहळू वाढवत नेला की ठराविक ठिकाणी फेरोसीन इलेक्ट्रॉन सोडतं आणि प्रवाहाच्या आलेखावर उंचवटा येतो. त्या उंचवट्याखालच्या क्षेत्रफळावरून वाहिलेला प्रभार कळतो, प्रभारावरून रेणूंची संख्या. जिथे फेरोसीन बसवलं त्या पट्टीवर उंचवटा, शेजारणीवर जवळपास सपाट रेघ.

दुसरेही मार्ग आहेत. पुरेसा ऋण विभव दिला तर गंधक-सोन्याचा बंधच तुटतो आणि थर निघून जातो. मग त्या मोकळ्या पट्टीवर नवा थर चढवता येतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ मिलान मर्क्सिच यांनी थराच्या टोकावरच्या हायड्रोक्विनोनचं विजेने जोडणीला तयार असं क्विनोन करून त्यावर हवा तो रेणू जोडला. पेशी कुठे चिकटतील हेसुद्धा अशा पृष्ठभागांवर ठरवता येतं.

अशा थरांवर बेतलेल्या, रक्ताच्या एका थेंबात शंभर आजार ओळखणाऱ्या चिपच्या जाहिराती वाचताना मात्र या थराचं आयुष्य लक्षात घ्यायला हवं. उघड्या हवेत ठेवला तर गंधकाचं हळूहळू ऑक्सिडीकरण होतं, त्याची सोन्यावरची पकड सुटते आणि काही दिवसांत, आठवड्यांत थराला भोकं पडू लागतात. आमच्या प्रयोगशाळेत म्हणूनच काच आदल्या रात्री बुडवायची आणि दुसऱ्या दिवशी वापरायची, असा शिरस्ता होता.