चार मीटरच्या आतला वेग: छोट्या, चपळ आणि परवडणाऱ्या गाड्यांची पार्श्वभूमी

ह्युंदाईची आय२० २०२० मध्ये युरोपात ४,०४० मिलिमीटर लांब आली. भारतात तीच गाडी ३,९९५ मिलिमीटरची. मधले साडेचार सेंटिमीटर डिझायनरला सुचलं म्हणून कमी झाले नाहीत, ते करासाठी गेले. दहा-बारा लाखांत चालवायला मजा येईल अशी छोटी गाडी घेणारा माणूस दिसणं, रस्त्यावरची पकड आणि पैसा वसूल या तीन गोष्टींची तुलना करत रात्र-रात्र व्हिडिओ बघतो. त्या तिन्ही गोष्टींवर अर्थखात्याच्या फूटपट्टीची खूण आहे, हे मात्र त्याला बहुतेक वेळा कुणी सांगत नाही.

मूळ कल्पना युरोपातली. सुएझच्या पेचप्रसंगाने पेट्रोल टंचाई आली आणि ब्रिटनला कमी खाणारी गाडी हवी झाली, त्यातून १९५९ मध्ये डिझायनर ॲलेक इसिगोनिसची मिनी आली. इंजिन आडवं बसवलेलं, चाकं चार कोपऱ्यांत ढकललेली, दहा इंची. जागा वाचवण्यासाठी केलेल्या या खटाटोपाचा एक फायदा असा झाला, की गाडी वळणावर चिकटून जायची. रेसिंगच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपरला ते दिसलं आणि १९६१ मध्ये मिनी कूपर रस्त्यावर आली. १९६४, १९६५ आणि १९६७ ची माँटे कार्लो रॅली मिनीने जिंकली. १९६६ मध्येही तीच पहिली आली होती, पण हेडलाइटच्या नियमावरून बाद केली.

तरी आज ज्याला 'हॉट हॅच', म्हणजे मागे वेगळी डिकी नसलेली छोटी पण वेगवान गाडी, म्हणतात त्याचा साचा पाडला तो फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने. १९७३ च्या तेलसंकटानंतर कुठल्या कंपनीला वेगवान गाडीचं नाव काढायची सोय नव्हती. त्यामुळे फोक्सवॅगनमधल्या मोजक्या लोकांनी हे काम सुरुवातीला गुपचूपच केलं. १९७५ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात गाडी दाखवली, १९७६ मध्ये विक्री सुरू झाली. १.६ लिटरचं इंजिन, ११० पीएस (ताकदीचं माप, साधारण बीएचपीइतकंच), वजन जेमतेम आठशे किलोच्या आसपास. पाच हजार गाड्या खपल्या तरी पुरे, असा अंदाज होता. पहिल्या पिढीच्या चार लाख साठ हजारांहून जास्त खपल्या. ग्रिलभोवतीची लाल रेघ, चौकड्यांच्या कापडाच्या सीटा आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ या तीन गोष्टींवर दिसण्याचा सगळा जास्तीचा खर्च संपला. चौकड्या आणि मूठ गुनहिल्ड लिलियेक्विस्ट या डिझायनर बाईंची. आज आपल्याकडे कुठलीही 'स्पोर्टी' आवृत्ती काढताना लाल शिलाई आणि लाल रेघ का येते, त्याचं मूळ इथे आहे. फरक एवढाच, की त्या रेघेमागे तेव्हा इंजिनही बदललेलं होतं.

गोल्फचं मूळ रेखाटन इटालियन डिझायनर जॉर्जेटो जुजारोचं. हे नाव लक्षात ठेवा, ते पुण्याजवळ पुन्हा भेटणार आहे.

प्यूजोची २०५ जीटीआय १९८४ ची. चालवण्याच्या आनंदात जाणकार तिला गोल्फच्याही वर ठेवतात आणि तिच्या एका खोडीबद्दल बजावूनही ठेवतात. भर वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचललात, तर वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचं बूड बाहेर फिरतं. ज्याला हे माहीत आहे त्याला तो खेळ, ज्याला नाही तो कठड्यावर. या गाड्यांची लाट ओसरली ती मात्र वळणांमुळे नव्हे. १९९० च्या सुमारास ब्रिटनमध्ये त्या इतक्या चोरीला जाऊ लागल्या आणि आपटू लागल्या, की विम्याचे हप्ते तरुणांच्या आवाक्याबाहेर गेले. परवडणं म्हणजे फक्त शोरूममधली किंमत नव्हे, हा हिशेब तिथेही चुकला नव्हता.

त्या काळात आपल्याकडे काय होतं? ॲम्बॅसेडर, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी. मुंबईकर तिला मरेपर्यंत 'फियाट'च म्हणाला. गाडीचा नंबर लागणं हीच चैन होती, हँडलिंगची चर्चा कोण करणार? १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि १९९३ मध्ये झेन. झेन कागदावर काहीच नव्हती: ९९३ सीसी, ५० बीएचपी. पण गाडी हलकी, बुटकी, आणि ॲल्युमिनियमचं इंजिन वर चढायला उत्सुक. एअर फिल्टर, सायलेन्सर आणि रुंद टायर घालून झेन 'बनवून' घेणारी एक अख्खी पिढी गॅरेजांमधून घडली. कंपनीकडून तयार मिळणारी वेगवान छोटी गाडी मात्र अजून नव्हती. १९९९ ची फोर्ड आयकॉन १.६ तशी होती, पण तिला डिकी होती. तेव्हा डिकीवाली गाडी म्हणजे प्रतिष्ठा, त्यामुळे मजेवर खर्च करणारा माणूसही सेडानच घ्यायचा.

२००१ मध्ये कुर्ल्याहूनच फियाट पालिओ आली. आपल्याला मिळाली ती जुजारोच्या हातून नव्याने घडलेली पालिओ, आणि तिचं १.६ जीटीएक्स मॉडेल १०० बीएचपीचं. जाहिरातीला सचिन तेंडुलकर, 'एस१०' नावाची मर्यादित आवृत्तीही त्याच्याच नावाने. भारतातली पहिली खरी हॉट हॅच कोणती या वादात मी डोळे मिटून पालिओचं नाव घेतो. तिचं सस्पेन्शन खड्डाही गिळायचं आणि वळणावरही झुकायचं नाही, या दोन गोष्टी एकत्र जमवणं आजही अनेकांना जमत नाही. पण पेट्रोल पिण्यात ती बदनाम झाली. सोसायटीच्या गेटवर पहिला प्रश्न "ॲव्हरेज किती देते?" हा असतो, आणि पालिओवाला तिथे विषय बदलायचा. त्यात फियाटच्या सर्व्हिसचा आणि रिसेलचा भरवसा नाही. मजा कितीही असली, तरी पैसा वसूलच्या खान्यात शून्य.

याच सुमारास सगळं चित्र बदलणारी गोष्ट घडली, आणि ती दिल्लीत. २००६ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं. छोटी म्हणजे कोणती? लांबी ४,००० मिलिमीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० सीसीपर्यंत. हेतू स्वस्त, किफायतशीर गाड्यांना चालना देण्याचा होता. चपळ गाड्यांवर त्याने जवळजवळ बंदीच आणली. २००५ च्या स्विफ्टमध्ये १.३ लिटरचं, ८७ बीएचपीचं फिरायला हपापलेलं इंजिन होतं. ते १,२९८ सीसी, म्हणजे रेषेच्या बाहेर. २०१० मध्ये तिथे १.२ लिटरचं आलं. ह्युंदाई गेट्झला १.१ लिटरचं इंजिन मिळालं. जपानमध्ये आणि युरोपात स्विफ्ट स्पोर्ट पिढ्यान्‌पिढ्या विकली गेली, भारतात ती कधीच विकायला आली नाही.

पळवाट डिझेलने काढली, कारण तिथे रेषा १,५०० ची. २००७ ची गेट्झ प्राइम १.५ सीआरडीआय ११० बीएचपीची होती आणि दिसायला काकांची गाडी. पुढे २०१५ च्या फिगोला १०० पीएसचं १.५ लिटर डिझेल मिळालं, २१५ न्यूटन-मीटर टॉर्कचं, म्हणजे ओढण्याच्या जोराचं. पाचव्या गिअरमध्ये पाय दाबला की चढावर ट्रक मागे पडायचा, आणि वर ॲव्हरेजचंही उत्तर देता यायचं. अशा गाड्यांवर जाणकारांचा जीव होता, पण नाकावर जड डिझेल इंजिन घेतलेली गाडी वळणावर जडच वाटणार.

पेट्रोलवाल्यांचं कोडं सुटलं चाकणला. फोक्सवॅगनचा कारखाना तिथे २००९ मध्ये सुरू झाला, पोलो २०१० ची. आधी त्यांनी सरळ मार्ग घेतला: १.६ लिटर, १०५ पीएस. कर जास्त, गिऱ्हाईक कमी, मॉडेल बंद. मग एप्रिल २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय आली. इंजिन १,१९७ सीसी, त्यावर टर्बो आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणी. ताकद पुन्हा १०५ पीएसच, पण टॉर्क १५३ ऐवजी १७५ न्यूटन-मीटर, आणि तो तळापासून. सोबत सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. किंमत दिल्लीत ७.९९ लाख. सवलतीच्या रेषेच्या तीन सीसी अलीकडे उभं राहून वेग विकता येतो, हे या गाडीने दाखवलं. नंतरच्या सगळ्या गाड्या त्याच वाटेने आल्या.

जीटी टीएसआय सरळ रस्त्यावर जितकी चलाख होती तितकी घाटात नव्हती. स्टिअरिंग हलकं, मागचं सस्पेन्शन मऊ. दार मिटताना येणारा भरीव 'धप्प' आवाज आणि बारा वर्षं जुनं न वाटलेलं रूप, यावर निम्मी विक्री झाली असं मला वाटतं. ड्राय क्लचवाल्या त्या गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक भाग, वॉरंटीनंतर गेलं, की हिशेबाची वही उलटी व्हायची ती वेगळी.

पोलोला खरं उत्तर पुणे जिल्ह्यातूनच आलं, रांजणगावहून. फियाट पुंटो २००९ पासून तिथे बनत होती, आणि तिचं रूपही जुजारोच्या इटालडिझाइनचं. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिच्यावर अबार्थचा, म्हणजे फियाटच्या वेगवान गाड्यांच्या ब्रँडचा, विंचू चढला. १.४ लिटर टी-जेट टर्बो, १४५ बीएचपी, २१२ न्यूटन-मीटर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि किंमत ९.९५ लाख. इंजिन १,३६८ सीसीचं, म्हणजे छोट्या गाडीची सवलत नाही. तरी दहा लाखांच्या आत. दर बीएचपीला पडणाऱ्या पैशाचा विचार केला, तर तेव्हा तिच्या जवळपास कुणी नव्हतं.

तिच्यात काय वेगळं होतं ते ताम्हिणी घाटात कळतं. पावसाने वरून माती वाहून आणलेली, आतल्या बाजूला ओल, आणि वळण शेवटाला आणखी आवळत जाणारं. अशा जागी विजेवर चालणारं हलकं स्टिअरिंग हातात काहीच सांगत नाही. चाक घसरलं की मगच कळतं. पुंटोचं हायड्रॉलिक स्टिअरिंग जड होतं, पण पुढचं टायर पकड सोडायला लागलं की तळव्याला आधी खबर मिळायची. गाडी खाली बसवून ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटरवर आणला होता, त्याने वळणावरचा झुकाव कमी झाला. त्याच १५५ मिलिमीटरमुळे गावाबाहेरच्या घरगुती स्पीड ब्रेकरवर मालकाच्या पोटात गोळा यायचा. आपल्याकडे हँडलिंगची किंमत अशी रोज मोजावी लागते. शेवटी पालिओचीच गोष्ट पुन्हा घडली: परीक्षणांत कौतुक, शोरूममध्ये शुकशुकाट, आणि २०१९ च्या सुमारास फियाटने भारतातून या गाड्या गुंडाळल्या.

बाकीच्यांचं थोडक्यात. २०१६ मध्ये फोक्सवॅगनने १.८ लिटर, १९२ पीएसची तीन दारांची पोलो जीटीआय आयात केली, फक्त ९९ गाड्या, पंचवीस लाखांच्या वर. परवडणाऱ्या गाड्यांच्या चर्चेत ती यायलाच नको. मार्च २०१७ ची मारुती बलेनो आरएस एक लिटर टर्बोची, सुमारे १०० बीएचपीची. गाडी चांगली, पण रूपात साध्या बलेनोहून इतकी कमी वेगळी की शेजाऱ्याला कळतच नसे, आणि दीड लाख जास्त देणाऱ्याला शेजाऱ्याला कळायला हवंच असतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये टाटा आणि कोइमतूरच्या जयेम यांनी मिळून टियागो जेटीपी आणली: ११४ पीएस, ६.३९ लाख. माझ्या मते या संपूर्ण इतिहासात पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त मजा तिने दिली.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचं कडक मानक आलं आणि या यादीवर बोळा फिरला. जेटीपी गेली, आरएस गेली, बरीचशी छोटी डिझेल गेली. पोलोला एक लिटरचं ११० पीएसचं टीएसआय मिळालं आणि २०२२ पर्यंत ती तगली. मग ह्युंदाईने सप्टेंबर २०२१ मध्ये आय२० एन लाइन आणली: ९९८ सीसी, १२० पीएस, कडक सस्पेन्शन, चार डिस्क. युरोपातली २०४ पीएसची खरी आय२० एन वेगळी. आपल्याला तिचा पोशाख आणि थोडा स्वभाव मिळाला. टाटांची पुण्यात बनणारी आल्ट्रोझ रेसर जून २०२४ ची, १,१९९ सीसी, १२० पीएस, सुरुवात ९.४९ लाखांपासून. २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत आल्ट्रोझला मिळालेले पाच तारे तोवर विक्रीचा मुद्दा झाले होते. पालिओच्या काळात एअरबॅग किती हे विचारणारा विरळा.

पण ज्या चार मीटरच्या रेषेने ही जात घडवली, तिनेच तिचा प्रतिस्पर्धीही जन्माला घातला. २०१३ च्या इकोस्पोर्टपासून त्याच मापात उंच गाड्या बसू लागल्या. बलेनो आरएस ज्या बूस्टरजेट टर्बो इंजिनवर धावत होती त्याच जातीचं इंजिन आज फ्रॉन्क्समध्ये आहे, पोलोचं एक लिटर टीएसआय टायगुनमध्ये. इंजिनं वाचली. खड्ड्यांच्या रस्त्यावर उंच बसायला मिळत असेल, तर वळणावरचं दोन अंश कमी झुकणं विकत घेणारा माणूस मोजकाच राहतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आणि मोठ्यांवर ४० टक्के. मापं तीच, २००६ ची: चार मीटर, १,२०० आणि १,५०० सीसी. आधी उपकर धरून छोट्या पेट्रोल गाडीवर २९ आणि मोठ्या गाडीवर ४५ ते ५० टक्के लागायचे. छोटी पेट्रोल गाडी आणि ४५ टक्क्यांतली मधली सेडान घेतली तर तफावत १६ टक्क्यांची होती, आता २२ ची झाली. म्हणजे पुंटो अबार्थसारखी १.४ लिटरची गाडी दहा-बारा लाखांत आणण्याचा विचारसुद्धा कुणी करणार नाही, आणि एक लिटर किंवा १.२ लिटर टर्बोला मात्र पूर्वीपेक्षा जास्त मोकळीक आहे. मे २०२५ मध्ये खुद्द गोल्फ जीटीआय भारतात आली, २६५ पीएसची, ५३ लाखांना. पहिल्या दीडशे हातोहात गेल्या. घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची आधीची आवडती गाडी चाकणची पोलो असणार, असा माझा कयास आहे. बारा लाखांवाल्याला मात्र १२० पीएसमध्येच निवड करायची आहे, आणि मॅन्युअल गिअरचा दांडा मिळतोय तोवर ती फार वाईट निवड नाही.