हिऱ्याचं मूळ नायट्रोजन सांगतो

खरा हिरा ऐरणीवर ठेवून घणाचा घाव घातला तरी फुटत नाही, ही समजूत आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. कृपा करून हा प्रयोग करू नका. हिरा सर्वांत कठीण, म्हणजे त्याच्यावर ओरखडा काढणं सर्वांत अवघड, एवढंच. त्याच्या स्फटिकाच्या चार दिशा मात्र कमकुवत असतात. त्या दिशेने घाव बसला की तो सरळ दुभंगतो. कच्चा हिरा फोडणारे कारागीर याच गुणाचा उपयोग करत आले आहेत.

घरगुती चाचण्याही फारशा भरवशाच्या नाहीत. वर्तमानपत्रावर पालथा ठेवलेल्या हिऱ्यातून अक्षरं दिसत नाहीत, असं सांगतात. त्यामागे विज्ञान आहे: हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं प्रमाण, २.४२ इतका मोठा, त्यामुळे आत शिरलेला प्रकाश मागच्या पैलूंवरून परत फिरतो. पण पैलू वेगळ्या कोनात पाडले असतील तर खऱ्या हिऱ्यातूनही कागद दिसू शकतो. शिवाय अंगठीत बसवलेल्या खड्याची ही परीक्षा करणार कशी?

बाजारात ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून मिळतो तो हिरा नव्हेच; तो झिर्कोनियम ऑक्साइडचा खडा. तो पकडणं सोपं आहे. सुटा असेल तर वजनच सांगतं: तेवढ्याच आकाराच्या हिऱ्यापेक्षा तो दीडपटीहून जड भरतो. बसवलेला असेल तर सराफाकडचं पेनसारखं यंत्र लावायचं. त्याचं टोक गरम असतं आणि खडा ती उष्णता किती झपाट्याने ओढून घेतो, हे ते मोजतं. हिरा या बाबतीत तांब्याच्याही कितीतरी पुढे आहे. अमेरिकन डायमंड जवळजवळ काहीच ओढत नाही.

या यंत्राला चकवलं ते मोइसनाइटने. हे सिलिकॉन कार्बाइड. आंरी म्वासां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ते १८९३ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या उल्केच्या तुकड्यात सापडलं. आज दागिन्यांत येतं ते कारखान्यात बनवलेलं. तेही उष्णता इतकी चांगली वाहून नेतं की साधं यंत्र त्याला हिरा ठरवतं. इथे दहापट मोठं दाखवणारं भिंग कामी येतं. खडा किंचित तिरका धरून वरच्या बाजूच्या पैलूतून आत पाहा. मोइसनाइट प्रकाशकिरण दुभंगतं, म्हणून मागच्या पैलूंच्या कडा जोडीने, एकाला एक चिकटून दोन रेषा काढल्यासारख्या दिसतात. हिऱ्यात प्रत्येक कड एकच दिसते. एकदा नजर बसली की ही खूण चुकत नाही.

हे झालं नकली खड्यांचं. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा नकली नाही. १९५४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या शास्त्रज्ञांनी प्रचंड दाब आणि तापमान देऊन कृत्रिम हिरा बनवला. आता सुरतेतही मिथेन आणि हायड्रोजन वायूंपासून हिऱ्याच्या पातळ पट्टीवर कार्बनचे थर चढवून हिरे वाढवतात. कार्बन तोच, रचना तीच, काठिण्यही तेच. भिंग आणि उष्णतेचं यंत्र दोन्ही त्याला हिरा म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात.

फरक उरतो तो काळाचा. जमिनीखाली दीडशे किलोमीटरहून खोल तयार झालेल्या बहुतेक हिऱ्यांत थोडा नायट्रोजन असतो. सुरुवातीला त्याचे अणू सुटे विखुरलेले असतात. कोट्यवधी वर्षांच्या उष्णतेत ते हळूहळू सरकत जोड्या आणि चौकड्या करतात. असे हिरे अतिलघु तरंगलांबीची अतिनील किरणं शोषून घेतात. काही आठवड्यांत वाढलेल्या रंगहीन हिऱ्यात नायट्रोजन जवळपास नसतोच, त्यामुळे ही किरणं आरपार जातात. तपासणीची बरीच यंत्रं यावर चालतात.

मला यातली सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट पुढेच आहे. गोवळकोंड्याचे नावाजलेले हिरे, अगदी कोहिनूरसुद्धा, नायट्रोजन जवळजवळ नसलेल्या दुर्मीळ जातीचे आहेत. म्हणजे यंत्र त्यांनाही संशयितांच्या रांगेत काढील. मग त्यांच्या वाढीचा आराखडा पाहावा लागतो. अतिनील प्रकाशात हिरा मंद चमकतो. वायूपासून वाढवलेल्यात त्या चमकेत समांतर पट्टे दिसू शकतात, तर दाबाखाली वाढवलेल्यात क्रॉससारखी नक्षी. खाणीतल्या हिऱ्यात हे आकार नसतात.

प्रयोगशाळेतला हिरा घेण्यात कमीपणा नाही. तो खाणीतल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतो. तो खाणीतला म्हणून विकणं मात्र शुद्ध फसवणूक आहे. म्हणून दुकानात ‘खरा आहे का?’ एवढंच विचारू नका. ‘खाणीतला की प्रयोगशाळेतला?’ असं विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. मोठ्या हिऱ्याच्या कडेवर लेसरने क्रमांक कोरलेला असेल, तर तो भिंगातून वाचून प्रमाणपत्राशी ताडून पाहा. बारीक हिऱ्यांना सहसा वेगळं प्रमाणपत्र नसतं. ते तपासणी यंत्रातून गेलेत का, हे तिथेच विचारा.